भांडण नको म्हणून बाई काय काय सोडते

माझं काम पगारपत्रकं बनवायचं, त्यामुळे ऑफिसमध्ये कुणाला वरची जागा मिळाली आणि कुणी ती नाकारली हे मला बाकीच्यांच्या आधी कळतं. आमच्याकडे एक सहकारी होती, कामाला एकदम पक्की, तिला सहा वर्षांत तीन वेळा प्रमोशन देऊ केलं होतं आणि तिन्ही वेळा ती "घरी विचारून सांगते" म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी नको म्हणून सांगून गेली. फाईलमध्ये कारण लिहिलं जायचं, वैयक्तिक. तिसऱ्या वेळी मला राहवलं नाही, मी विचारलंच. ती म्हणाली, "अगं त्या जागेवर महिन्यातून चार दिवस बाहेरगावी जावं लागतं, आणि एकेका दिवसासाठी घरात आठवडाभर तोंडं फुगलेली असतात, मला ते झेपत नाही, आहे ते बरंय."

हे वाक्य माझ्या डोक्यातून काही केल्या जाईना, कारण यात भांडण झालं असं कुठेच नाहीये. भांडण झालंच नव्हतं. ते होऊ नये म्हणूनच तर तिने जागा सोडली होती. बाहेरून बघणाऱ्याला काय दिसणार, तर बाई स्वतःहून नाही म्हणाली, घर एकदम शांत आहे, सगळं छान चाललंय.

कौटुंबिक कलह म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आरडाओरडा येतो, भांड्यांची आदळआपट, फार तर कोर्टकचेरी. ते असतंच, आणि त्याचे परिणाम भयंकर असतात, त्यावर पुढे लिहिलंय. पण मला आधी हे सांगायचंय की बाईच्या प्रगतीवर होणारा परिणाम मोजायचा तर झालेली भांडणं मोजून भागत नाही. न झालेली भांडणंसुद्धा मोजावी लागतात, म्हणजे ती टाळण्यासाठी तिने काय काय दिलं ते. नाकारलेली बदली, अर्धवट सोडलेला कोर्स, न उघडलेलं खातं, तोडलेली मैत्रीण, वाटणीतला सोडून दिलेला हिस्सा. यातलं काहीच कुठल्या नोंदीत येत नाही. आणि घरातली शांतता मात्र सगळ्यांना फुकटात मिळाल्यासारखी वाटते.

आता हे समजून घ्यायला थोडं अर्थशास्त्र लागतं, घाबरू नका, सोपं आहे.

बराच काळ अर्थशास्त्रज्ञ घराकडे एकच माणूस असल्यासारखं बघायचे. म्हणजे घराचं उत्पन्न, घराचा खर्च, घराचा निर्णय. गॅरी बेकर नावाचे अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ, ज्यांना 1992 साली नोबेल मिळालं, त्यांनी कुटुंबाचा अभ्यास अर्थशास्त्रात आणला हे त्यांचं मोठं काम, पण त्यांच्या मांडणीत घराचं एकंदर भलं बघणारा एक कर्ता असतो आणि त्याच्यामुळे सगळ्यांचे हेतू आपोआप जुळतात असं साधारण गृहीत होतं. ज्याने कुणी प्रत्यक्ष घर बघितलंय त्याला माहितीये की तसं नसतं. पैसे कुणाच्या हातात येतात यावर ते कशावर खर्च होतात हे ठरतं. याचं एक फार बोलकं उदाहरण ब्रिटनमधलं आहे. तिथे 1970च्या दशकाच्या शेवटी सरकारने मुलांसाठीच्या मदतीची पद्धत बदलली, आधी ती मुख्यतः वडिलांच्या करात सूट म्हणून मिळायची, ती थेट आईच्या हातात रोख द्यायला सुरुवात केली. घरं तीच, माणसं तीच, आणि तरी नंतर अभ्यासकांनी खर्चाचे आकडे तपासले तेव्हा पुरुषांच्या कपड्यांच्या तुलनेत बायकांच्या आणि मुलांच्या कपड्यांवरचा खर्च वाढलेला दिसला. घर जर खरंच एकच माणूस असतं तर डाव्या खिशातले पैसे उजव्या खिशात ठेवल्याने असा काय फरक पडला असता?

मग 1980च्या सुमाराला काही अभ्यासकांनी वेगळी मांडणी केली, की घरातले निर्णय म्हणजे एक प्रकारची घासाघीस असते, प्रेम असतं, आपुलकी असते आणि तरीही घासाघीस असते. अमर्त्य सेन यांनी 1990 मध्ये हे फार नेमकं सांगितलं, की घरात सहकार्य आणि संघर्ष दोन्ही एकाच वेळी चालू असतात, एकत्र राहण्यात सगळ्यांचाच फायदा असतो पण त्या फायद्याची वाटणी कशी करायची यावर हितसंबंध वेगळे असतात. आणि या घासाघिशीत कुणाचं पारडं जड हे कसं ठरतं, तर सगळं फिसकटलं तर कुणाचे किती हाल होतील यावरून. ज्याला घराबाहेर पडूनही उभं राहता येतं त्याचा आवाज घरात आपोआप मोठा असतो, त्याला तो वाढवावासुद्धा लागत नाही. जिला बाहेर पडल्यावर छप्पर नाही, स्वतःचा पैसा नाही, जवळ माणूस नाही, ती वाद सुरू व्हायच्या आधीच हरलेली असते आणि ते तिलाही माहीत असतं.

सेन यांनी अजून एक गोष्ट सांगितली जी मला पैशापेक्षाही महत्त्वाची वाटते. कोण घरासाठी किती करतं याच्यापेक्षा कोण किती करतं *असं समजलं जातं* ते जास्त चालतं. पगार दिसतो. स्वच्छता, स्वयंपाक, म्हाताऱ्यांचं औषधपाणी, मुलांचा अभ्यास हे फक्त झालं नाही तरच दिसतं. आणि बाई स्वतःसुद्धा आपलं हित आणि घराचं हित वेगळं करून बघत नाही. तिला विचारलं तुला काय हवंय तर ती मुलांना काय हवंय ते सांगते. हा स्वभाव नाही, लहानपणापासून झालेली तयारी आहे.

इथे कुणी म्हणेल की प्रत्येक भांडणात काय लगेच घर मोडायची वेळ येते का. नाहीच येत. म्हणूनच 1993 मध्ये शेली लुंडबर्ग आणि रॉबर्ट पोलॅक या अभ्यासकांनी मांडणी थोडी बदलली, की घरातली खरी धमकी घटस्फोटाची नसतेच बहुतेक वेळा, ती असहकाराची असते. घर चालू राहतं पण जो तो आपापल्या वाट्याचं काम करतो आणि मधला जिव्हाळा बंद होतो. आपल्याकडे याला अबोला म्हणतात आणि त्याची ताकद समजवायला कुठल्या गणिताची गरज नाही. तीन दिवस घरात कुणी बोलत नाहीये, मूल दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघतंय, आणि जेवणाच्या ताटाजवळ फक्त भांड्यांचा आवाज. ज्याला हे सहन होत नाही तो आधी माघार घेतो. आणि ज्याच्यावर घरातलं वातावरण नीट ठेवायची जबाबदारी टाकलेली असते, त्यालाच ते कमी सहन होतं. ती जबाबदारी जवळपास सगळीकडे बाईवर असते. म्हणून अबोल्यात बहुतेक वेळा हरणारी बाजू आधीच ठरलेली असते.

आता हे सगळं तिच्या कमाईपर्यंत कसं पोचतं ते बघू.

सगळ्यात आधी जातो वेळ आणि त्याच्याबरोबर डोकं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 2018च्या अहवालानुसार जगात बिनपगारी घरकाम आणि सांभाळण्याचं जे काम होतं त्यातले 76.2 टक्के तास बायका भरतात. हे झालं हाताने केलेलं काम. पण ज्या घरात ताण आहे तिथे अजून एक काम वाढतं ज्याचे तास कुणीच मोजत नाही. कुणाचा मूड कसा आहे याचा अंदाज घेणं, कुठला विषय आज काढायचा नाही हे लक्षात ठेवणं, सासूबाई काय म्हणाल्या ते नवऱ्याला कसं आणि किती सांगायचं, मुलीने उशीर केला तर काय कारण द्यायचं. माझ्या त्या सहकारीचा फोन टेबलावर पालथा ठेवलेला असायचा. तो थरथरला की ती आधी वरची पट्टी वाचायची, मग उठून जिन्यात जायची, पाच मिनिटांनी परत यायची आणि मग पुढचा अर्धा तास स्क्रीनवर तोच आकडा उघडा असायचा. ती काम करत नव्हती असं नाही, तिचं अर्धं डोकं दुसऱ्या कामाला लागलेलं होतं. अपुरेपणाचा अभ्यास करणाऱ्या सेंधिल मुल्लयनाथन आणि एल्डर शफीर यांनी दाखवलंय की पैशाची चणचण माणसाची विचार करायची जागाच अडवून बसते, हुशारी कमी होत नाही पण ती वापरायला मोकळी जागा उरत नाही. माझं स्वतःचं निरीक्षण असं की घरातला सततचा ताणही हेच करतो, आणि चणचण आणि ताण हे दोघं बहुतेक वेळा हातात हात घालूनच येतात.

त्यात आजच्या बऱ्याच चांगल्या पगाराच्या नोकऱ्या अशा आहेत की त्यात वेळेला बांधील माणूस मागे पडतो. क्लॉडिया गोल्डिन, ज्यांना 2023चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांनी याला हावरं काम म्हटलंय, म्हणजे असं काम जे रात्री-अपरात्री, सुट्टीच्या दिवशी, ऐनवेळी तुमची मागणी करतं आणि जो ती पुरवतो त्याला तासाच्या हिशोबापेक्षा खूप जास्त मोबदला देतं. घरात एकाने हावरं काम घ्यायचं तर दुसऱ्याला घरासाठी हाताशी राहावं लागतं. कुणी राहायचं यावर खरं तर मोकळेपणाने बोलणं व्हायला हवं, पण ज्या घरात बोलण्याचं भांडण होतं तिथे बोलणंच होत नाही आणि जुन्या पद्धतीने ठरून जातं.

याचा हिशोब छोटा वाटतो म्हणून एक साधं गणित करून बघा. दोन जणी एकाच दिवशी एकाच पगारावर लागल्या. एकीचा पगार वर्षाला 8 टक्क्यांनी वाढतो, दुसरी बाहेरगावचं काम, जास्तीची जबाबदारी नको म्हणते म्हणून तिचा 5 टक्क्यांनी. पहिल्या वर्षी फरक इतका किरकोळ की कुणाच्या लक्षातही येणार नाही. 20 वर्षांनी पहिलीचा पगार सुरुवातीच्या साडेचार पटीच्या वर गेलेला असतो आणि दुसरीचा जेमतेम अडीच पटीच्या थोडा पुढे. आणि पेन्शन, प्रॉव्हिडंट फंड, कर्ज मिळायची पात्रता, सगळं त्या पगारावरच ठरतं. मग म्हातारपणी तीच बाई मुलांवर किंवा नवऱ्यावर अवलंबून असते आणि लोक म्हणतात तिने आयुष्यात पैशाचं काही बघितलंच नाही.

पैसा कमावून हातात आला तरी गोष्ट संपत नाही. बुर्किना फासो या पश्चिम आफ्रिकेतल्या देशात एक गाजलेला अभ्यास झाला, ख्रिस्तोफर उड्री यांनी तो 1996 मध्ये प्रसिद्ध केला. तिथे एकाच घरात नवऱ्याचे आणि बायकोचे जमिनीचे तुकडे वेगवेगळे कसले जातात. त्यांनी एकाच घरातले, एकाच वर्षीचे, एकाच पिकाचे तुकडे शेजारी ठेवून बघितले तर बायकांच्या तुकड्यांवरचं उत्पादन बरंच कमी. बायकांना शेती येत नाही असं नव्हतं. खत आणि मजूर जास्त करून पुरुषांच्या तुकड्यांकडे जात होते. तेच खत घरातल्या घरात थोडं इकडे वळवलं असतं तर घराचं एकूण धान्य वाढलं असतं. म्हणजे बघा, नुकसान एकट्या बाईचं नाही होत, सगळ्या घराचं होतं, तरीही वाटणी बदलत नाही कारण ती बदलायचा विषय काढणं म्हणजे भांडण.

छोट्या धंद्यांचंही तसंच. मधे काही वर्षं असे निष्कर्ष यायचे की बायकांना धंद्यासाठी भांडवल दिलं तरी त्यांचा नफा वाढत नाही आणि पुरुषांचा वाढतो, आणि मग लोक लगेच म्हणायला मोकळे की बायकांना धंदा जमत नाही. 2019 मध्ये काही अभ्यासकांनी भारत, श्रीलंका आणि घाना इथली जुनी आकडेवारी पुन्हा उघडली आणि साधा प्रश्न विचारला, पैसा गेला कुठे? तर तो बऱ्याच वेळा घरातल्या दुसऱ्याच्या, म्हणजे बहुतेक वेळा नवऱ्याच्या, धंद्यात गेला होता. ज्या घरात धंदा करणारी ती एकटीच होती तिथे तिचा नफा पुरुषांसारखाच वाढला होता. कर्ज तिच्या नावावर, हप्ता तिच्या नावावर, सही तिची आणि नफा दुसऱ्याच्या वहीत. हा निष्कर्ष मी वाचला तेव्हा मला राग आला होता, अजूनही येतो, कारण इतकी वर्षं "बायकांना जमत नाही" हे किती सहज बोललं गेलं.

मग बायका काय करतात, तर पैसा लपवतात. याला कुणी लबाडी म्हणू नये. केनियामध्ये झालेल्या एका प्रयोगात बायकांना पैसे गुंतवायला दिले होते, आणि आपली कमाई नातेवाइकांना कळणार आहे असं दिसल्यावर त्यांच्यापैकी बऱ्याच जणींनी कमी परतावा मिळेल पण पैसा झाकलेला राहील असा पर्याय निवडला. म्हणजे तोटा पत्करला पण मागणाऱ्यांना नाही म्हणायची वेळ येऊ दिली नाही. डब्यात, कपाटातल्या कपड्यांच्या घडीखाली, मैत्रिणीकडे ठेवलेला पैसा वाढत नाही, त्यावर व्याज नाही, त्याच्या जोरावर कर्ज मिळत नाही, तो फक्त सुरक्षित असतो आणि तोही कधी कधीच. मला स्वतःला एकीने विचारलं होतं की इन्क्रिमेंटचं पत्र ईमेलवर नको, हातात देता येईल का, कारण ईमेल घरी दुसरं कुणी बघतं.

आता सामाजिक बाजू, जी लोक जरा हलकी समजतात आणि मला तशी वाटत नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी 1973 मध्ये दाखवलं की नोकरीच्या संधी माणसाला जवळच्या लोकांपेक्षा लांबच्या, वरवरच्या ओळखीतून जास्त कळतात, कारण जवळच्यांना तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं. आता विचार करा घरात ताण असलेली बाई सगळ्यात आधी काय तोडते. नेमक्या ह्याच ओळखी. जुन्या वर्गातल्या मुलींचा ग्रुप, ऑफिस सुटल्यावरची पंधरा मिनिटं, कुणाच्या तरी कार्यक्रमाला जाणं, एखाद्या मीटिंगला मागे थांबणं. आई किंवा बहिणीचा फोन कुणी तोडायला सांगत नाही (तेही सांगणारे असतात), पण "ती कोण, तिचं काय काम, एवढं काय बोलायचं असतं" हा प्रश्न दर वेळी आला की बाई कंटाळून ती ओळखच सोडून देते. दोन-तीन वर्षांत तिच्या भोवती फक्त घरची माणसं उरतात. मग तिच्या घरात जे चाललंय ते बरोबर आहे की चूक हे ताडून बघायलाही तिच्याकडे दुसरं घर उरत नाही, आणि वर मांडलेल्या घासाघिशीत तिचं पारडं आणखी हलकं होतं. भांडणामुळे एकटेपणा आणि एकटेपणामुळे भांडणात हार, असं ते गोल फिरत राहतं.

वाटण्यांच्या वेळीही हेच घडतं. वडिलांच्या मालमत्तेतला हिस्सा कायद्याने मिळत असला तरी बहीण तो भावांच्या नावे सोडून देते, कारण हिस्सा घेतला तर नातं तुटेल आणि उद्या सासरी काही झालं तर जायला एकच दार आहे. ती ते दार उघडं ठेवायची किंमत भरते. तिला लोभ नाही म्हणून तिचं कौतुकही होतं. पण ज्या दिवशी तिला खरंच त्या दारातून आत यावं लागतं त्या दिवशी ती तिथे पाहुणीच असते.

आणि हा हिस्सा फक्त पैशाचा नसतो. प्रदीप पांडा आणि बीना अगरवाल यांनी केरळमधल्या तिरुवनंतपुरम जिल्ह्यात सुमारे 500 विवाहित बायकांशी बोलून एक अभ्यास केला, तो 2005 मध्ये आला. ज्यांच्या नावावर ना जमीन ना घर अशांपैकी 49 टक्के बायकांनी दीर्घकाळ शारीरिक हिंसा सोसली होती. फक्त जमीन असलेल्यांत हे प्रमाण 18 टक्के, फक्त घर असलेल्यांत 10 टक्के, आणि दोन्ही असलेल्यांत 7 टक्के. घराच्या कागदावर नाव असणं म्हणजे ती लगेच घर सोडून जाते असं नाही. ती जाऊ शकते हे समोरच्याला माहीत असतं, तेवढंही खूप झालं.

हिंसेचा विषय आलाच आहे तर सरळ सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 मध्ये आलेल्या अंदाजानुसार जगातल्या साधारण तीनपैकी एका बाईने आयुष्यात कधी ना कधी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलीये, आणि यातली बरीचशी जोडीदाराकडूनच होते. प्रत्येक वादाला हिंसा म्हणू नये, मतभेद सगळ्या घरांत असतात आणि चांगल्या घरात ते बोललेही जातात. फरक कुठे करायचा? मी स्वतः एक खूण धरते, भीती. वादानंतर दोघं चिडलेली असतील तर तो वाद. वादाआधीच एकजण घाबरलेला असेल आणि त्या भीतीवरून आपलं वागणं ठरवत असेल तर ते काहीतरी वेगळं आहे, मग हात उगारला असो वा नसो. पगार काढून घेणं, कामावर जाऊ न देणं, एटीएम कार्ड आपल्याकडे ठेवणं, तिच्या नावावर न विचारता कर्ज काढणं हा आर्थिक छळ आहे आणि भारताच्या 2005च्या कौटुंबिक हिंसाचार विरोधी कायद्यात तो हिंसेच्या व्याख्येतच धरलेला आहे, ब्रिटनच्या 2021च्या कायद्यातही आहे. पुष्कळ बायकांना हे माहीतच नसतं, त्यांना वाटतं मारलं नाही म्हणजे तक्रार कसली करायची.

मुलांवरचा परिणाम थोडक्यात सांगते, तो खरं तर वेगळा लेख आहे. 1998 मध्ये अमेरिकेत एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात लहानपणी सोसलेल्या वाईट अनुभवांचा मोठेपणीच्या आजारांशी संबंध तपासला होता आणि आईला मार खाताना बघणं हा त्यातला एक अनुभव होता. असे अनुभव जितके जास्त तितका मोठेपणी आजारांचा, नैराश्याचा, व्यसनांचा धोका जास्त, असं दिसलं. मुलीच्या बाबतीत मला अजून एक दिसतं, ती घरात आवाज न करता वावरायला शिकते, आणि मग वर्गात, इंटरव्ह्यूत, मीटिंगमध्येही तशीच वावरते.

मग उपाय काय, तर बाईने कमवायला लागावं एवढं सोपं उत्तर नाहीये. अमेरिकेतल्या आकडेवारीवर अॅना आयझर यांनी 2010 मध्ये दाखवलं की बायका आणि पुरुषांच्या पगारातली दरी कमी झाली तशी बायकांवरची हिंसाही कमी झाली. पण बांगलादेशातल्या एका अभ्यासात असं दिसलं की ज्या बायकांचं शिक्षण कमी किंवा लग्न फार लहानपणी झालेलं, त्यांच्यात काम करण्याबरोबर घरातली हिंसा जास्त आढळते, कारण पैसा आला पण बाहेर पडायची वाट नाही आली, आणि घरातल्या पुरुषाला आपलं वजन कमी झाल्यासारखं वाटलं. म्हणून नुसतं "स्वतःच्या पायावर उभी राहा" असं सांगणाऱ्यांनी पायाखाली काय आहे तेही बघावं.

काय चालतं याचे काही पुरावे मात्र आहेत, आणि ते आश्चर्य वाटावं इतके साधे आहेत. मध्य प्रदेशात रोजगार हमीवर काम करणाऱ्या बायकांसोबत एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष 2021 मध्ये प्रसिद्ध झाले. काही जणींना स्वतःच्या नावाचं बँक खातं, ते कसं वापरायचं याचं थोडं शिक्षण, आणि मजुरी थेट त्याच खात्यात, एवढं दिलं. त्या बायका जास्त काम करायला लागल्या, आणि बायकांनी काम करण्याबद्दलची त्यांची मतंही मोकळी झाली. झांबियाच्या लुसाका शहरात गर्भनिरोधकांसाठीची कुपनं काही बायकांना एकटीला दिली आणि काहींना नवऱ्यासमोर, तर एकटीला दिलेल्यांनी ती जास्त वापरली. म्हणजे एखादी सोय बाईपर्यंत पोचते की नाही हे ती सोय कुणाच्या देखत दिली यावरही ठरतं. अमेरिकेत ज्या राज्यांनी एका जोडीदाराच्या मागणीवरही घटस्फोट मिळेल असा कायदा केला, ज्याची सुरुवात कॅलिफोर्नियात 1970 मध्ये झाली, तिथे नंतर घरातली हिंसा कमी झाल्याचं अभ्यासातून दिसलं. घटस्फोट न घेणाऱ्या घरांनाही त्याचा फायदा झाला असणार, कारण दार उघडतं हे दोघांनाही कळलं.

कामाच्या जागेकडूनही अपेक्षा ठेवता येते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 2019 मध्ये 190 क्रमांकाचा करार मंजूर केला, त्यात घरातल्या हिंसेचा कामावर परिणाम होतो आणि मालकांनी, सरकारांनी त्याची दखल घ्यावी असं स्पष्ट आहे. फिलिपिन्समध्ये 2004 पासून अशा बायकांना 10 दिवसांची भरपगारी रजा आहे, न्यूझीलंडमध्ये 2019 पासून घरातली हिंसा सोसणाऱ्या कुणालाही तेवढीच मिळते, ऑस्ट्रेलियात 2023 पासून. पोलिसात जायला, वकील गाठायला, घर बदलायला दिवस लागतात, आणि ते दिवस पगारातून कापले गेले तर बाई जातच नाही.

आणि घरातल्या पुरुषांना, म्हाताऱ्यांना एक विनंती. "तिनेच नको म्हटलं" असं म्हणताना तिने हो म्हटलं असतं तर घरात पुढचा आठवडा कसा गेला असता ते एकदा मनात बघा. तुम्ही ओरडला नाहीत हे मला मान्य आहे. तुमची मनाई कधी कधी नुसत्या चेहऱ्यावर असते, आणि तो चेहरा तिला पाठ असतो.

त्या माझ्या सहकारीचं पुढे काय झालं ते सांगते. तिसऱ्या नकारानंतर साधारण वर्षभराने ती माझ्या टेबलापाशी आली आणि विचारलं की पगार दोन खात्यांत विभागून टाकता येतो का. येतो म्हटलं, एका पानाचा फॉर्म आहे. तिने तो घेतला, खिडकीजवळ जाऊन उभ्या उभ्या पूर्ण वाचला, मग परत येऊन विचारलं की याची माहिती घरच्या पत्त्यावर पत्राने जाते का. नाही जात म्हटलं. सॅलरी स्लिपवर दोन्ही खाती दिसतात का? मी म्हटलं, स्लिप फक्त तुला येते. तेव्हा तिने खुर्ची ओढली आणि बसली. दुसऱ्या खात्यात किती टक्के टाकायचे तो रकाना तिने सगळ्यात शेवटी भरला, आधी 20 लिहिलं, खोडून 10 केलं, आणि सही करताना म्हणाली, पुढच्या वर्षी बदलता येतं ना हे?